तरत्या गळमाशीची निवड : पर्वतीय ट्राउटपासून मुळशीच्या ओढ्यांपर्यंत

बीजसंज्ञा : गळमाशी, ट्राउट, पृष्ठताण, जलकीटक, महाशीर, मुळा नदी, मुळशी

प्रस्तावना

गळाने मासेमारी करण्याची पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. गांडूळ, कणकेचा गोळा, लहान मासा किंवा कोळंबी हे आमिष सर्वत्र परिचित आहे. मात्र पिसे, केस आणि दोरा यांच्या साहाय्याने गळावर कीटकाची प्रतिकृती बांधायची, ती पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत सोडायची आणि माशाने ती खरी समजून उचलावी अशी अपेक्षा धरायची, ही पद्धत आपल्याकडे फारशी रुजली नाही. इंग्रजीत तिला ‘ड्राय फ्लाय’ म्हणजे शब्दशः ‘कोरडी माशी’ असे म्हणतात. मराठीत ‘मासा’ आणि ‘माशी’ या शब्दांच्या रूपांत गोंधळ होऊ नये म्हणून प्रस्तुत लेखात या प्रतिकृतीसाठी ‘तरती गळमाशी’ ही संज्ञा योजली आहे.

थंड पर्वतीय ओढ्यांतील ट्राउट माशासाठी या गळमाश्यांचे असंख्य प्रकार विकसित झाले. प्रत्येक जाणकार गळकऱ्याच्या पेटीत त्यांपैकी चार-सहा ‘आवडत्या’ असतातच. ही आवड कशाच्या आधारे ठरते, त्यामागे कोणती भौतिक व जैविक तत्त्वे आहेत आणि पुणे जिल्ह्यातील मुळशीसारख्या ट्राउट नसलेल्या प्रदेशात या ज्ञानाचा काय उपयोग आहे, या तीन प्रश्नांचा विचार येथे केला आहे. गळमाशीची निवड ही गळकऱ्याच्या आवडीची बाब वाटली तरी मुळात ती विशिष्ट नदीच्या निरीक्षणातून निघालेली असते, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

तरत्या गळमाशीचे स्वरूप आणि इतिहास

ट्राउटचे बरेचसे अन्न पाण्यातील कीटकांचे असते. मेफ्लाय, कॅडिस आणि स्टोनफ्लाय या गटांतील कीटक आयुष्याचा मोठा काळ पाण्याच्या तळाशी दगडांखाली काढतात. प्रौढ होताना ते पाण्याबाहेर येतात. बहुतेक मेफ्लाय पृष्ठभागावर येऊन कात टाकतात आणि पंख वाळेपर्यंत काही क्षण प्रवाहाबरोबर तरंगत जातात. अंडी घालण्यासाठीही असे अनेक कीटक पुन्हा पाण्यावर उतरतात. या दोन्ही वेळी मासा वर येऊन त्यांना टिपतो. तरती गळमाशी ही या नेमक्या अवस्थेची नक्कल होय.

या पद्धतीला शास्त्राचे रूप देण्याचे श्रेय प्रामुख्याने इंग्लंडमधील फ्रेडरिक हॅलफर्ड यांना दिले जाते. तरत्या गळमाश्या बांधण्याविषयीचा त्यांचा ग्रंथ १८८६ मध्ये आणि या मासेमारीच्या तंत्रावरील ग्रंथ १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिण इंग्लंडमधील चुनखडीच्या प्रदेशातील संथ, नितळ आणि अन्नसमृद्ध नद्या हे त्यांचे क्षेत्र होते. अशा पाण्यात माशाला आमिष न्याहाळण्यास भरपूर वेळ मिळतो. म्हणून हॅलफर्ड यांचा भर कीटकाच्या तंतोतंत अनुकरणावर राहिला. पुढे जी. ई. एम. स्क्यूज यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पृष्ठभागाखालील आमिषाचा पुरस्कार करून या आग्रहाला मर्यादा घातली. गळमाशीविषयीचा कोणताही सिद्धान्त ज्या पाण्यात जन्मला त्या पाण्याशी बांधलेला असतो, हा या वादातून मिळणारा बोध आहे.

निवडीमागील तत्त्वे

गळमाशीच्या निवडीत चार गोष्टींचा विचार करावा लागतो : तरंगण्याची क्षमता, आकारमान व बाह्याकृती, दृश्यता आणि प्रवाहाशी एकरूपता.

पहिली गोष्ट पृष्ठताणाशी निगडित आहे. पोलादी गळ पाण्यापेक्षा जड असल्याने स्वतःहून तरंगू शकत नाही. गळाभोवती आडवे गुंडाळलेले कोंबड्याच्या मानेचे ताठ पीस आपले अनेक तंतू पाण्यावर टेकवते आणि वजन विभागले जाते. पृष्ठभागाची ताणलेली त्वचा त्यामुळे फाटत नाही. एल्क किंवा हरणाच्या केसांतील हवेच्या पोकळ्या, बदकाच्या तैलग्रंथीजवळची मऊ पिसे आणि अलीकडे कृत्रिम फोम हेही याच कामी येतात. खळाळत्या ओढ्यात पाणी सतत उसळत असल्याने ही गरज अधिक तीव्र होते. शांत पाण्यात सुरेख दिसणारी विरळ पिसांची गळमाशी तेथे दुसऱ्याच वळणावर बुडते.

दुसरी गोष्ट माशाच्या दृष्टीची. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे जग अपवर्तनामुळे सुमारे ९७ अंशांच्या शंकूत सामावलेले, डोक्यावरील एका वर्तुळाकार खिडकीतून दिसते. त्या खिडकीबाहेरचा पृष्ठभाग पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे आरशासारखा असतो. दुरून येणारा कीटक माशाला प्रथम दिसतो तो या आरशावर त्याच्या पायांनी उमटवलेल्या चमकत्या खळग्यांच्या रूपाने. तो खिडकीत शिरल्यावर आकाशाच्या उजेडासमोर त्याची काळसर छायाकृती दिसते. त्यामुळे आकारमान आधी, बाह्याकृती नंतर आणि रंग सर्वांत शेवटी, असा निवडीचा क्रम अनुभवी गळकरी मानतात. गळाचा क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान असतो. पर्वतीय ओढ्यांसाठी साधारणतः १२ ते १८ क्रमांकांचे गळ वापरले जातात.

तिसरी गोष्ट गळकऱ्याच्या दृष्टीची. फेसाळ पाण्यात स्वतःची गळमाशी दिसलीच नाही तर माशाने ती केव्हा घेतली हे कळत नाही. म्हणून अनेक पर्वतीय प्रकारांना वरच्या बाजूस पांढरे पंख किंवा उजळ झुबका असतो. हा भाग खालून पाहणाऱ्या माशासाठी गौण आहे, तो माणसासाठी ठेवलेला असतो.

चौथी गोष्ट बहुधा सर्वांत महत्त्वाची आहे. खरा कीटक प्रवाहाच्या गतीने वाहतो. दोरी मात्र वेगवेगळ्या गतीच्या धारांवर पडते आणि गळमाशीला आडवी ओढते. अशी ओढली जाणारी गळमाशी कितीही हुबेहूब असली तरी सावध मासा ती नाकारतो. पर्वतीय ओढ्यात थोड्याच अंतरात धारेची गती अनेकदा बदलते. म्हणून तेथे जवळून, कमी दोरी पाण्यावर टेकवून गळमाशी सोडली जाते.

पर्वतीय ट्राउटच्या काही मान्यताप्राप्त गळमाश्या

पर्वतीय ओढ्याचे पाणी थंड, वेगवान आणि पोषकद्रव्यांत तुलनेने गरीब असते. तेथील माशाला अन्नाची निवड करत बसण्याची चैन परवडत नाही. समोरून आलेली वस्तू खावी की सोडावी हे त्याला क्षणार्धात ठरवावे लागते. त्यामुळे एकाच कीटकाची काटेकोर नक्कल करणाऱ्या गळमाशीपेक्षा अनेक कीटकांचा भास देणारी ‘सर्वसाधारण’ गळमाशी येथे अधिक यशस्वी ठरते.

‘अ‍ॅडम्स’ हे याचे उत्तम उदाहरण होय. अमेरिकेतील मिशिगन राज्यात लिओनार्ड हॅलाडे यांनी १९२२ मध्ये ती बांधली. करडे अंग आणि तपकिरी व ठिपकेदार पिसांचे मिश्रण अशी तिची रचना आहे. ती कोणत्याही एका कीटकासारखी नाही, तरीही अनेक मेफ्लायांसारखी भासते. तिच्या ‘पॅराशूट’ प्रकारात पीस पंखाच्या बुंध्याभोवती आडवे गुंडाळलेले असते. त्यामुळे अंग पाण्याला चिकटून राहते आणि माशाला स्पष्ट छायाकृती दिसते. अल ट्रॉथ यांनी १९५७ मध्ये तयार केलेली ‘एल्क हेअर कॅडिस’ पोकळ केसांमुळे खवळलेल्या पाण्यातही वर राहते आणि कॅडिसचे घराच्या छपरासारखे मिटलेले पंख सूचित करते. ली वुल्फ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १९३० च्या सुमारास पुढे आलेल्या दाट केसांच्या गळमाश्या अधिक वेगवान पाण्यासाठी आहेत. याउलट शांत डोहात चिलटांचे थवे तरंगत असतील, तर मोरपिसाच्या तंतूंनी बांधलेली अगदी लहान ‘ग्रिफिथ्स नॅट’ उपयोगी पडते. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात जलकीटक कमी होतात. तेव्हा काठावरून पडणाऱ्या मुंग्या, भुंगेरे आणि नाकतोडे यांच्या प्रतिकृती प्रभावी ठरतात.

या यादीतील प्रत्येक नावामागे ‘या पाण्यात, या ऋतूत, मासा काय खात आहे?’ या प्रश्नाचे एक स्थानिक उत्तर दडलेले आहे. ‘आवडती’ हे विशेषण गळकरी वापरतो. आवड मात्र माशाची असते.

ट्राउट मुळशीत का नाही?

ट्राउट हा भारताचा मूळ रहिवासी नाही. काश्मीरमध्ये १९०० मध्ये आणलेल्या अंड्यांपासून तपकिरी ट्राउटची पैदास यशस्वी झाली. फ्रँक मिचेल यांचे नाव त्या कार्याशी जोडलेले आहे. दक्षिणेत नीलगिरीमध्ये फ्रान्सिस डे यांनी १८६० च्या दशकात केलेले प्रयत्न फसले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी एच. सी. विल्सन यांच्या प्रयत्नांनी तेथील उंच, थंड ओढ्यांत इंद्रधनुषी ट्राउट स्थिरावला.

या यशापयशाचे मुख्य कारण तापमान होय. ट्राउटला साधारण १० ते १६ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. २० अंशांच्या वर त्याच्यावर ताण येतो आणि २५ अंशांच्या आसपास जगणे कठीण होते. समुद्रसपाटीवर १० अंश तापमानाच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर २५ अंशांस तो सुमारे ८ मिलिग्रॅमवर येतो. म्हणजे माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. नीलगिरीतील ट्राउटचे ओढे २००० मीटरच्या आसपास उंचीवर आहेत. मुळशीचा जलाशय समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे आणि उन्हाळ्यात त्याच्या वरच्या थराचे पाणी ट्राउटच्या सहनशक्तीपलीकडे जाते. येथे ट्राउट आणण्याचा विचार निसर्गानेच बाद केला आहे.

मुळशीचे पाणी आणि त्यातील मासे

सह्याद्रीच्या माथ्याजवळ उगम पावणारी मुळा नदी पुण्यात मुठेला मिळते आणि पुढे भीमेमार्गे कृष्णेत जाते. मुळशी येथील टाटांच्या धरणाने तिचे वरचे खोरे जलाशयात बदलले. या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सुरू झालेला आणि सेनापती बापट यांच्या नावाशी जोडला गेलेला मुळशी सत्याग्रह सर्वपरिचित आहे. येथील पाणी पश्चिमेकडे वळवून भिरा येथील जलविद्युत केंद्रासाठी वापरले जाते. परिणामी एकाच तालुक्यात तीन प्रकारचे पाणी आढळते : ताम्हिणीच्या बाजूचे उताराचे हंगामी ओढे, विस्तीर्ण स्थिर जलाशय आणि धरणाखालील नियंत्रित प्रवाहाची नदी. या तिन्हींतील कीटकसृष्टी सारखी नाही. दगडाला चिकटून राहणारे, वाहत्या पाण्याची गरज असणारे मेफ्लाय व कॅडिस ओढ्यात आढळतात. गाळाच्या तळाशी वाढणारी चिलटे आणि चतुर स्थिर पाण्यात अधिक असतात.

मुळेच्या खोऱ्याला मत्स्यशास्त्राच्या इतिहासात मोठे स्थान आहे. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी कर्नल विल्यम हेन्‍री साइक्स यांनी दख्खनमधील माशांचे जे वर्णन १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध केले, त्यात ‘खुद्री’ नावाचा मासा आहे. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या नमुन्यावरून त्यांनी तो नोंदवला. हाच आजचा दख्खनी महाशीर, शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’. ‘खुद्री’, ‘बलूकी’, ‘नुक्ता’ ही साइक्स यांनी दिलेली जातिनामे मराठी मच्छीमारांच्या तोंडची आहेत. स्थानिक ज्ञानाला जागतिक शास्त्राने दिलेली ही पावती म्हणावी लागेल.

पृष्ठभागावरील अन्न टिपणारे मासे या खोऱ्यात आहेत. वाहत्या पाण्यातील झोऱ्या, चपळ डेव्हारिओ आणि चंदेरी अळकुट हे आकाराने लहान असले तरी पाण्यावर पडलेल्या कीटकावर झेप घेतात. महाशीर मात्र सर्वभक्षी आहे. तळाचे कीटक, शंखशिंपले व लहान मासे यांबरोबर काठच्या झाडांची पडलेली फळेही तो खातो. ट्राउटप्रमाणे तो मुख्यतः पृष्ठभागावरील कीटकांवर अवलंबून नसल्याने त्याच्यासाठी तरती गळमाशी हे दुय्यम साधन ठरते. मद्रास प्रांतातील सनदी अधिकारी हेन्‍री सुलिव्हन थॉमस यांनी १८७३ मध्ये भारतातील गळमासेमारीवर लिहिलेल्या ग्रंथात महाशीरबरोबरच लहान देशी माशांसाठीच्या गळमाश्यांचाही विचार केला आहे. विलायती सवय भारतीय पाण्याला जुळवून घेण्याचा तो आरंभीचा प्रयत्न होता.

मुळशीसाठी निवडीची दिशा

वरील तत्त्वे मुळशीला लावली तर निवड ऋतुचक्रानुसार करावी लागते. वळवाच्या किंवा मृगाच्या पहिल्या सरींनंतर संध्याकाळी वारुळांतून पंख फुटलेली वाळवी प्रचंड संख्येने बाहेर पडते. हुमणीचे भुंगेरेही त्याच सुमारास कडुनिंब व बाभळीवर जमतात. पाण्यात पडलेल्या या कीटकांवर मासे तुटून पडतात. अशा वेळी तपकिरी अंगाची व लांब, आडव्या पंखांची वाळवीची प्रतिकृती किंवा फोमचा काळसर भुंगेरा ‘अ‍ॅडम्स’पेक्षा अधिक सयुक्तिक ठरतो.

भर पावसाळ्यात ओढे गढूळ व उधाणलेले असतात. तेव्हा पृष्ठभागावरील आमिष माशाला दिसत नाही आणि तरत्या गळमाशीला अर्थ उरत नाही. शिवाय हा काळ अनेक देशी माशांच्या, विशेषतः महाशीरच्या प्रजननाचा असल्याने गळ बाजूला ठेवणेच योग्य. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाणी निवळते आणि काठचे गवत पिवळे पडू लागते. तेव्हा नाकतोड्याची प्रतिकृती काठालगत सोडावी. हिवाळ्यात पाणी उतरून नितळ झाले की १६ ते २० क्रमांकांच्या गळावरील करड्या किंवा काळ्या लहान गळमाश्या झोऱ्या व अळकुटांसाठी पुरेशा आहेत. एप्रिल-मे महिन्यांत पाणी तापलेले व प्राणवायू घटलेला असतो. पकडून सोडलेला मासाही तेव्हा दगावण्याची शक्यता अधिक असते. या सर्व काळात संबंधित यंत्रणांची परवानगी, उलटा काटा नसलेला गळ आणि मासा पाण्याबाहेर फार वेळ न ठेवणे ही किमान पथ्ये होत.

येथे एका विरोधाभासाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. पाश्चात्त्य गळमाश्यांच्या, विशेषतः सामन माशासाठीच्या रंगीबेरंगी गळमाश्यांच्या परंपरेत सर्वाधिक मोल असलेल्या पिसांपैकी एक म्हणजे राखी रानकोंबड्याच्या मानेचे मेणचट ठिपक्यांचे पीस. हा पक्षी सह्याद्रीचा आहे आणि ताम्हिणीच्या रानात त्याची बांग आजही ऐकू येते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तो संरक्षित आहे. मुळशीत गळमाशी बांधणाऱ्याने त्याच्या पिसाचा मोह टाळावा. पाळीव कोंबड्याचे पीस तेच काम करते.

आवड कोणाची?

गळमाशी निवडताना माणूस आपली आवड माशाच्या आवडीशी जुळवून घेतो. मत्स्यसंवर्धनाच्या इतिहासात मात्र अनेकदा याउलट घडले. माणसाने आपल्या आवडीचा मासा निवडला आणि नदीने त्याच्याशी जुळवून घ्यावे अशी अपेक्षा केली. पर्वतीय ओढ्यांत ट्राउट सोडले गेले. गंगेच्या खोऱ्यातील कटला व रोहू दक्षिणेतील जलाशयांत आले.

या संदर्भात मुळशीच्या शेजारचे उदाहरण अधिक बोलके आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथील टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीरचे कृत्रिम प्रजनन होऊ लागले. घटत चाललेल्या माशाला वाचवण्याचा तो स्तुत्य प्रयत्न होता आणि त्यातून तंत्रज्ञानाची मोलाची भर पडली. मात्र तेथील दख्खनी महाशीरची बोटुकली देशात इतरत्र, कावेरीच्या खोऱ्यातही सोडली गेली. कावेरीत पाठीवर कुबड असलेला, भगव्या पंखांचा स्वतःचा महाशीर होता. तेथील गळकऱ्यांनी १९९८ ते २०१२ या काळात ठेवलेल्या पकडीच्या नोंदींचे विश्लेषण झाले, तेव्हा बाहेरून आलेला महाशीर वाढत गेला आणि मूळचा महाशीर अत्यल्प झाला, असे दिसून आले. या मूळ जातीचे ‘टॉर रेमादेवी’ हे शास्त्रीय नाव २०१८ मध्ये निश्चित झाले आणि त्याच वर्षी तिची नोंद आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून झाली. नाव निश्चित होईपर्यंत जात विनाशाच्या उंबरठ्यावर पोचली होती. मुळा-मुठेत जो मासा मूळचा, तोच कावेरीत परका ठरला.

धोक्याची पहिली ठोस नोंद गळकऱ्यांच्या वह्यांतून मिळाली, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. कोणता मासा, किती वजनाचा, कोणत्या ठिकाणी, कोणत्या दिवशी, इतकीच ती माहिती होती. सातत्यामुळे ती पुरावा ठरली. मुळशी परिसरातील महाविद्यालयांना हे सहज शक्य आहे. ओढ्यातील ठरावीक जागी दर महिन्याला पाण्याचे तापमान घेणे, दगड उलटून जलकीटकांची गटवार मोजणी करणे आणि पृष्ठभागावर कोणते कीटक तरंगतात ते लिहून ठेवणे यासाठी तापमापक, चाळणी, पांढरा ट्रे आणि वही पुरते. मेफ्लाय, कॅडिस व स्टोनफ्लाय हे गट प्रदूषणाला संवेदनशील असल्याने अशी नोंद पाण्याच्या आरोग्याचाही निर्देशांक ठरते. प्राणिशास्त्र, भूगोल आणि पर्यावरण या विषयांच्या विद्यार्थ्यांना एकत्र आणणारा हा उपक्रम एकही मासा न पकडता करता येतो.

समारोप

तरत्या गळमाशीची निवड पृष्ठताण, प्रकाशाचे अपवर्तन, प्रवाहाची गती आणि कीटकांचे जीवनचक्र यांवर आधारलेली आहे. पर्वतीय ट्राउटसाठी प्रसिद्ध पावलेल्या गळमाश्या त्या त्या ओढ्यांच्या दीर्घ निरीक्षणाचे फलित आहेत. मुळशीत ट्राउट नाही आणि असण्याचे कारणही नाही. त्या गळमाश्या जशाच्या तशा येथे आणण्याने फारसे काही साधणार नाही. ज्या निरीक्षणातून त्या जन्मल्या ते मात्र येथे आणता येईल. पहिल्या पावसातील वाळवी, काठावरचा नाकतोडा आणि दगडाखालचा कॅडिस यांची नोंद झाल्याखेरीज मुळशीची आवडती गळमाशी ठरणार नाही. ती नोंद झाली, तर मुळेच्या वरच्या खोऱ्यात आज काय जगते आहे याचा एक विश्वासार्ह दस्तऐवज पुढील पिढीच्या हाती राहील.